पाहुणा आणि पैज

नवी दिल्लीच्या रेल्वे स्थानकातून पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडले, की समोर पहाडगंज उभे असते. स्थानकापासून सरळ आत जाणारा मेन बाजार, त्याला दोन्ही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या अरुंद गल्ल्या, आणि त्या गल्ल्यांतून एकावर एक मजले चढवलेली लहानमोठी हॉटेले असे या वस्तीचे स्वरूप आहे. एकाच इमारतीत खाली कापडाचे दुकान, वर दहा-वीस खोल्या आणि गच्चीवर खाण्यापिण्याची सोय, हा येथील नित्याचा प्रकार होय. हिंदी आणि इंग्रजी पाट्यांच्या जोडीला हिब्रू लिपीतील पाट्याही येथे दिसतात. कारण इस्रायलमधून येणाऱ्या तरुण प्रवाशांचा येथे फार दिवसांपासून राबता आहे. या वस्तीला ना समुद्रकिनारा लाभला आहे, ना थंड हवा. राजवाडा नाही, देवस्थानाची ख्याती नाही. तरीही देशोदेशींचा प्रवासी येथे उतरतो, एक-दोन रात्री राहतो आणि पुढच्या गाडीने निघून जातो. पाहुणचाराचा व्यवसाय म्हणजे काय आणि त्याचे मर्म कशात आहे, हे समजून घेण्यास पहाडगंजासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

पहाडगंज हे नाव रायसीनाच्या टेकडीच्या सान्निध्यामुळे पडले, असे सांगतात. मोगल काळात शहाजहानाबादच्या तटाबाहेर येथे धान्याची मोठी पेठ होती. ‘गंज’ या शब्दाचा अर्थच मुळी पेठ असा आहे. पुढे इंग्रजांनी आपली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलवली आणि १९२६ साली अजमेरी दरवाजा व पहाडगंज यांच्या दरम्यान एक छोटे रेल्वे स्थानक सुरू झाले. त्या स्थानकाचे आज देशातील अत्यंत गजबजलेल्या स्थानकांपैकी एकात रूपांतर झाले आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या अनेक निर्वासित कुटुंबांनी येथे दुकाने थाटली आणि शून्यातून संसार उभे केले. नंतर १९६० आणि १९७० च्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान अशा खुष्कीच्या मार्गाने काठमांडूकडे निघालेले तरुणांचे तांडे दिल्लीत विसावू लागले. त्यांच्या खिशाला परवडेल असा निवारा त्यांना पहाडगंजाने दिला. १९७९ साली इराणमध्ये राज्यक्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो मार्ग बंद पडला. परंतु पहाडगंजचा व्यवसाय बंद पडला नाही. खुष्कीने येणारा प्रवासी विमानाने येऊ लागला, एवढाच काय तो फरक.

मराठी माणसालाही ही वस्ती परकी नाही. दिल्लीकर मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांना शिकवणारे नूतन मराठी विद्यालय पहाडगंजातच आहे आणि कामानिमित्त राजधानीत येणाऱ्या मराठी माणसाला उतरण्यासाठी ज्याचे नाव हमखास सुचवले जाते, ते बृहन्महाराष्ट्र भवनही येथेच आहे. परमुलखात आपल्या भाषेत बोलणारा माणूस भेटावा आणि ओळखीच्या चवीचे जेवण मिळावे, एवढीच प्रवाशाची अपेक्षा असते. ती पुरवणारी जागा कितीही साधी असली, तरी ती त्याला मोठी वाटते.

आता प्रश्न असा, की हॉटेलवाला नेमके काय विकतो? वरवर पाहता तो खोली विकतो. परंतु विपणनशास्त्राचे अध्यापक हे उत्तर अपुरे समजतात. थिओडोर लेव्हिट या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात असे दाखवून दिले, की अमेरिकेतील रेल्वे कंपन्या मागे पडल्या, कारण आपला धंदा रेल्वेगाड्या चालवण्याचा आहे असे त्या समजत होत्या. वास्तविक त्यांचा धंदा लोकांना इच्छित स्थळी पोचवण्याचा होता. हीच कसोटी पहाडगंजला लावली, तर असे दिसते की येथील हॉटेलवाला चार भिंती आणि पलंग विकत नाही. पहाटेची गाडी न चुकण्याची हमी, अनोळखी शहरातील पहिल्या रात्रीची निर्धास्त झोप आणि सामान ठेवून मोकळ्या हाताने हिंडण्याची सोय तो विकतो.

या मालाचा एक विलक्षण गुणधर्म आहे. तो साठवून ठेवता येत नाही. कापडाच्या दुकानदाराचे ठाण आज खपले नाही, तर ते उद्या खपते. हॉटेलातील खोली आज रिकामी राहिली, तर त्या रात्रीचे उत्पन्न कायमचे बुडाले. उद्याची रात्र हा निराळा माल आहे. समजा, एखाद्या हॉटेलात तीस खोल्या आहेत आणि त्यांतील दहा रोज रिकाम्या राहतात. मग वर्षाच्या अखेरीस तीन हजार सहाशे पन्नास रात्री कोणाच्याही उपयोगी न पडता वाया गेलेल्या असतात. भाडे, पगार, दिवाबत्ती यांचा खर्च मात्र खोली भरली काय आणि रिकामी राहिली काय, जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणूनच रात्री उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला तीच खोली कमी दराने मिळू शकते आणि ऐन हंगामात तिचाच दर दुप्पट होतो. पहाडगंजच्या गल्लीतील मालकाला हे गणित पुस्तकात वाचावे लागले नाही, ते त्याला व्यवहाराने शिकवले.

दुसरा गुणधर्म याहून महत्त्वाचा आहे. हा माल विकत घेण्यापूर्वी पारखता येत नाही. गिऱ्हाईक पैसे आधी देते आणि झोप कशी लागली हे त्याला सकाळी कळते. त्यामुळे हा सगळा धंदा विश्वासावर चालतो. स्थानकाच्या दाराशी उभा असलेला दलाल जेव्हा नवख्या प्रवाशाला सांगतो, की “तुमचे हॉटेल बंद पडले आहे, मी दुसरे दाखवतो,” तेव्हा तो एका प्रवाशाला तर फसवतोच, पण त्याबरोबर साऱ्या वस्तीची पत कमी करतो. पहाडगंजपासून जवळच असलेल्या करोल बागेत १२ फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे एका हॉटेलला आग लागली आणि सतरा माणसे प्राणास मुकली. अशी घटना घडली, की अरुंद जिने, बंद खिडक्या आणि गच्चीवरची बांधकामे यांचा विचार प्रत्येक प्रवाशाच्या मनात येतो. पाहुणचाराच्या धंद्यात सुरक्षितता ही वरून घातलेली भर नसून तोच मूळ माल आहे.

ही गोष्ट इंग्रजी राज्यकर्त्यांनीही ओळखली होती. १८६७ साली त्यांनी सरायांविषयी एक कायदा केला. सरायांची नोंदणी व्हावी, खोल्या, विहिरी व गटारे स्वच्छ ठेवली जावीत, रात्री पहारेकरी असावा आणि दरांचा तक्ता प्रवाशांना दिसेल असा लावावा, अशी कर्तव्ये त्या कायद्याने सराईच्या चालकावर घातली. गमतीची गोष्ट अशी, की त्याच १८६७ साली त्यांनी सार्वजनिक जुगाराविषयीही कायदा केला. मालकाच्या फायद्यासाठी जेथे पत्ते, फासे वा जुगाराची अन्य साधने ठेवली जातात, ते घर जुगारअड्डा होय, अशी त्या कायद्याची व्याख्या होती. केवळ कौशल्याचे खेळ मात्र त्यातून वगळले होते. परक्या माणसाला आपल्या छताखाली घेऊन त्याच्याकडून पैसे मिळवण्याचे हे दोन मार्ग. एकाला कायद्याने शिस्त लावली आणि दुसऱ्याला मनाई केली. दिल्लीने १९५५ साली जुगारबंदीचा स्वतःचा कायदा केला आणि ती मनाई कायम राहिली. पहाडगंजची हॉटेले वाढली ती जुगाराच्या कायदेशीर आधारावाचून.

जगात इतरत्र मात्र हे दोन धंदे एकत्र आले. अमेरिकेतील नेवाडा हे वाळवंटी राज्य. मंदीच्या काळात, १९३१ साली, त्याने जुगाराला कायद्याची मान्यता दिली आणि लास व्हेगास हे आडवळणाचे गाव पुढे जगप्रसिद्ध झाले. जुगार पाहण्यास व खेळण्यास येणारा माणूस राहणार कोठे, जेवणार काय, रात्री करमणूक कोणती पाहणार, हे प्रश्न ओघानेच आले. १९६७ साली तेथील विद्यापीठात हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण सुरू झाले. १९८९ साली त्याच राज्यातील रीनो येथील विद्यापीठात विल्यम इडिंग्टन या अर्थशास्त्रज्ञाने जुगाराच्या व्यवसायाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली. अशा रीतीने पर्यटन, आतिथ्य आणि कायदेशीर जुगार हे तीन विषय एकाच अध्यापकाच्या टेबलावर येऊन बसले. आपल्याकडे हॉटेल व्यवसायाचे पद्धतशीर शिक्षण १९५४ साली मुंबईत सुरू झाले. परंतु जुगाराचे अर्थशास्त्र हा विषय आपल्या वर्गांत फारसा शिरला नाही. तो शिरला नाही तरी प्रश्न मात्र आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे.

कायदेशीर जुगाराचा हिशेब समजण्यास अवघड नाही. कॅसिनोतील रूलेट हा खेळ घ्या. युरोपीय पद्धतीच्या चक्राला शून्यासह सदतीस घरे असतात. सदतीस माणसांनी प्रत्येकी शंभर रुपये एकेका घरावर लावले, तर पटावर तीन हजार सातशे रुपये जमतात. चक्र फिरते, एकाचे घर लागते. नियमाप्रमाणे त्याला लावलेल्या पैशाच्या पस्तीसपट अधिक त्याचे मूळ शंभर, असे तीन हजार सहाशे रुपये मिळतात. उरलेले शंभर रुपये मालकाचे. घर कोणाचेही लागो, ते शंभर रुपये चुकत नाहीत. अमेरिकन पद्धतीच्या चक्रात शून्याची दोन घरे असल्यामुळे मालकाचा वाटा जवळजवळ दुप्पट होतो. या धंद्यात मालकाला लबाडी करावी लागत नाही आणि नशिबावरही विसंबावे लागत नाही. नशीब हा खेळणाऱ्यांपुरता प्रश्न आहे. मालकाच्या बाजूला निव्वळ अंकगणित आहे, आणि लोक जितका अधिक वेळ खेळतात तितके ते अंकगणित अधिक अचूक ठरते.

पाहुणचार आणि जुगार यांच्यातील मूलभूत भेद येथेच दिसून येतो. हॉटेलात यजमानाचे हित आणि पाहुण्याचे हित एकाच दिशेला असते. पाहुण्याला झोप चांगली लागली, जेवण रुचले, तर तो पुन्हा येतो आणि आपल्या मित्रांना पाठवतो. पाहुण्याच्या समाधानातून यजमानाचा नफा निर्माण होतो. कॅसिनोत यजमान हाच प्रतिपक्ष असतो. पाहुण्याने गमावले तरच यजमान कमावतो. महाभारतातील द्यूतसभेचे भयानकपण याच कारणाने आजही मनाला भिडते. पांडवांना हस्तिनापुरास बोलावणे गेले ते पाहुणे म्हणून. त्यांच्यासाठी सभागृह बांधले, स्वागताची सिद्धता केली आणि मग त्याच सभेत फासे मांडले गेले. ज्याच्या छताखाली उतरलो, तोच आपल्याविरुद्ध डाव मांडून बसला आहे, ही जाणीव युधिष्ठिराला होईपर्यंत सारे हातचे गेले होते.

याचा अर्थ असा नव्हे, की कायदेशीर जुगार चालवणारा प्रत्येक जण शकुनी असतो. जेथे नियम काटेकोर आहेत तेथे खेळ सरळ असतो, चक्राची तपासणी होते आणि गिऱ्हाइकाला सारे नियम आधी कळतात. शंभर रुपयांचे तिकीट काढून नाटक पाहावे, तसे ठराविक रक्कम बाजूला काढून कोणी एक संध्याकाळ खेळात घालवली, तर गेलेले पैसे हे करमणुकीचे मोल होय, असे म्हणता येईल. परंतु नाटकाचे तिकीट एकदाच काढावे लागते. जुगारात मात्र गमावलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा तिकीट काढण्याची ओढ लागते, आणि तोट्यातील बराच मोठा भाग अशा थोड्या माणसांच्या संसारातून येतो, ज्यांना ती ओढ आवरत नाही. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमावा, जुगार एकाच नेमलेल्या जागी खेळवावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राज्याने घ्यावे, असा विचार मांडला. मनूने राजाने जुगार आपल्या राज्यातून हद्दपार करावा, असे सांगितले. नियंत्रण की निर्मूलन, हा वाद आपल्याकडे असा फार पुरातन आहे.

पर्यटनाच्या दृष्टीने आणखी एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. पहाडगंजातील खोली लहान असते आणि हा वरवर दिसणारा दोष वस्तीला वरदान ठरला आहे. खोलीत बसवत नाही म्हणून पाहुणा रस्त्यावर येतो. छोले-भटुरे खातो, चहा पितो, चामड्याची पिशवी, चांदीचे डूल, सुती कपडे खरेदी करतो, रिक्षा करतो, तिकीट काढून देणाऱ्याकडे जातो. त्याने खर्चलेला रुपया दहा घरांत पोचतो. कॅसिनोची रचना याच्या नेमकी उलट असते. खेळणारा बाहेर पडला की उत्पन्न थांबले, म्हणून त्याला आतच स्वस्त जेवण, पेय, नाचगाणी आणि पलंग पुरवतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अटलांटिक सिटी या जुन्या समुद्रस्नानाच्या गावाने हा अनुभव घेतला. गावाला पुन्हा ऊर्जितावस्था येईल या आशेने तेथील राज्याच्या मतदारांनी १९७६ साली कॅसिनोंना कौल दिला आणि १९७८ साली पहिला कॅसिनो उघडला. लोक लोटले, करही जमला. परंतु गिऱ्हाईक आत आणि गाव बाहेर अशी स्थिती झाली. शेजारच्या राज्यांनीही जुगाराला परवानगी दिल्यावर ते गिऱ्हाईकही पांगले आणि एकट्या २०१४ साली तेथील चार कॅसिनो बंद पडले.

तेव्हा जुगाराच्या जोरावर पर्यटन वाढवू पाहणाऱ्या प्रत्येक राज्याला दोन प्रश्न विचारावे लागतात. पैसा कोणाचा येतो, हा पहिला. तो दाराच्या कोणत्या बाजूला खर्च होतो, हा दुसरा. बाहेरून आलेल्या पाहुण्याने आपला पैसा येथे सोडला, तर गावात भर पडते. गावातल्याच माणसाने तो गमावला, तर शेजाऱ्याच्या घरातील पैसा फक्त या खिशातून त्या खिशात जातो आणि वाटेत एखादा संसार मोडतो. जगातील चतुर राज्यांनी हे केव्हाच ओळखले आहे. मोनाकोचा कॅसिनो जगविख्यात, पण मोनाकोच्या नागरिकांना तेथे खेळण्याची मनाई. नेपाळच्या कॅसिनोंत भारतीय पाहुण्यांची वर्दळ, पण नेपाळी नागरिकांना प्रवेश नाही. सिंगापूरने २०१० साली दोन भव्य कॅसिनो उघडले आणि आपल्या नागरिकांवर शंभर सिंगापूर डॉलरचा दैनिक प्रवेशकर बसवला. २०१९ साली तो दीडशे डॉलर केला. परदेशी पाहुण्याला मात्र हा कर नाही. माकावने जुगाराचा व्याप इतका वाढवला, की सरकारचे तीन चतुर्थांशाहून अधिक उत्पन्न त्यावरच अवलंबून राहिले. २०२० साली महामारीमुळे पाहुणे यायचे थांबले, तेव्हा तेथील जुगाराचे उत्पन्न एका वर्षात सुमारे ७९ टक्क्यांनी घसरले. एकाच खांबावर उभारलेल्या मांडवाची अवस्था अशी होते.

भारतीय राज्यघटनेने जुगार आणि पैजा हा विषय राज्यांकडे सोपवला आहे. सरकारी लॉटऱ्यांविषयी कायदा करण्याचा अधिकार मात्र केंद्राकडे आहे. जुन्या मुंबई राज्यातून निघालेल्या एका खटल्याने या बाबतीत पायाभूत तत्त्व घालून दिले. शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांवर मुंबई सरकारने बसवलेल्या कराला आव्हान दिले गेले असता, १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की जुगार हा घटनेने संरक्षिलेल्या अर्थाने व्यापारच नव्हे. याचा परिणाम असा, की खानावळ वा हॉटेल काढण्याचा हक्क नागरिकाला आहे, जुगारअड्डा काढण्याचा हक्क कोणालाच नाही. राज्य देईल तेवढीच मुभा. ही मुभा राज्यांनी स्वतःसाठी मात्र सढळ हाताने घेतली. केरळने १९६७ साली आणि महाराष्ट्राने १९६९ साली सरकारी लॉटरी सुरू केली. पुढे एका अंकावर बक्षीस देणाऱ्या, दिवसातून अनेकदा सोडती काढणाऱ्या लॉटऱ्यांनी अनेक शहरांत हाहाकार माजवला. तेव्हा १९९८ साली केंद्राने कायदा करून एका अंकावरील बक्षिसे बंद केली आणि एका लॉटरीच्या सोडती आठवड्यातून एकापेक्षा अधिक नसाव्यात, असे बंधन घातले.

मराठी माणसाच्या सर्वांत जवळचा प्रयोग गोव्याचा. तेथील १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना मुभा मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने पाण्यावरील जहाजांत पटावरचे खेळ चालवण्याची वाट मोकळी झाली. आज पणजीसमोर मांडवीच्या पात्रात रोषणाईने झगमगणारी कॅसिनो-जहाजे हा त्याचाच परिपाक आहे. त्यांनी राज्याला महसूल दिला, तरुणांना नोकऱ्या दिल्या, हे नाकारता येत नाही. त्याचबरोबर नदीचे पात्र, शहरातील वाहतूक आणि गोव्याची प्रतिमा यांविषयीची तक्रारही थांबलेली नाही. चर्च, राजकीय पक्ष आणि नागरिकांच्या संघटना यांनी वेळोवेळी हा प्रश्न उचलून धरला. अखेरीस १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास मनाई करण्यात आली. मोनाको आणि नेपाळ ज्या निष्कर्षाला पोचले होते, त्याच निष्कर्षाला गोवाही पोचला: पाहुण्याने खेळावे, घरच्याने नव्हे.

महाराष्ट्राची वाट निराळी. येथेही १९७६ सालीच कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांविषयीचा कायदा विधिमंडळाने संमत केला. परंतु तो कधीच अमलात आला नाही. जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे तो कागदावर राहिला आणि २०२३ साली विधिमंडळाने तो रद्द केला. कॅसिनोंच्या बाजूने बोलणारे एक युक्तिवाद नेहमी करतात आणि तो अगदीच टाकाऊ नाही. मनाई केल्याने जुगार संपत नाही, तो अंधारात जातो, असे ते म्हणतात. मुंबईच्या मटक्याचा इतिहास याला साक्ष आहे. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर सुरू झालेला हा आकड्यांचा खेळ बंदी असूनही गिरण्यांच्या चाळींत घरोघरी पोचला. तेथे ना कर, ना तपासणी, ना फसलेल्या माणसाला दाद. परंतु याच इतिहासाची दुसरी बाजू अशी, की मटका खेळणारे पाहुणे नव्हते. तो आठवड्याच्या पगाराचा पैसा होता. कायदेशीर कॅसिनो उघडल्याने मटका खेळणारा तेथे जातो, असे मानण्यास आधार नाही. नवे दार नवे गिऱ्हाईक तयार करते, ही विपणनशास्त्रातील साधी गोष्ट आहे.

सरकारच्या मनातील तुलना करांच्या आकड्यांत वाचता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या हॉटेल-खोलीवरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आणला गेला. पहाडगंजच्या बहुतेक खोल्या यातच मोडतात. त्याच दिवसापासून कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती आणि लॉटरी यांवरील कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. त्याआधी महिनाभर, ऑगस्ट २०२५ मध्ये, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घालणारा कायदा संसदेने केला होता. ज्याला जागा लागत नाही, प्रवास लागत नाही आणि झोपताना उशाशी ठेवलेल्या फोनवर जो खेळता येतो, त्या जुगारात पाहुणा उरतच नाही. उरतो तो फक्त घरचा माणूस. पर्यटनाचे निमित्तही तेथे सांगता येत नाही.

पहाडगंजचे दोष लपण्यासारखे नाहीत. दाटी, अस्वच्छता, दलालांचा जाच, आगीच्या वेळी बाहेर पडायला पुरेशी वाट नसणे, हे सारे सुधारलेच पाहिजे. परंतु जे शहर वा जे राज्य पाहुण्यांवर आपला उदरनिर्वाह चालवू पाहते, त्याने या गल्लीकडून एक धडा अवश्य घ्यावा. निर्वासितांनी उभारलेल्या या पेठेने कोणाला आपल्याविरुद्ध डाव लावण्यास बोलावले नाही. गाडीची वेळ सांगितली, सकाळी दार वाजवून उठवले, सामान सांभाळले, आणि त्याचे योग्य ते मोल घेतले. पैजेच्या पैशावर इमारती लवकर उठतात आणि दिवे अधिक झगमगतात, हे खरे. पण घेणे आटोपल्यावर ज्याच्याशी पुन्हा नजर मिळवता येते, असे गिऱ्हाईक केवळ पाहुणचाराच्या धंद्यालाच लाभते. सकाळी गाडीला निघालेला प्रवासी जेव्हा पुढच्या खेपेसाठी आताच खोली सांगून ठेवतो, तेव्हा त्या व्यवहारात कोणीही हरलेले नसते.